‘आपल्याकडे रुग्णाला सांगत नाहीत’ : परदेशातली आजारी आई आणि तिच्या वतीने बोलणारे आपण

उंबरठा

गेले दोन आठवडे अमेरिकेतल्या मराठी मंडळींमध्ये एक टिपण फिरते आहे. इथे राहायला आणलेल्या आईवडिलांना असाध्य आजार झाला तर मुलांनी काय करावे, हा त्याचा विषय. लेखकाने तीन गोष्टी ठासून सांगितल्या आहेत. रुग्णाला निदान सांगू नये असे रुग्णालयाला पहिल्याच दिवशी लेखी कळवावे, कारण ‘भारतीय संस्कृतीत रुग्णाला सांगत नाहीत’. सगळे निर्णय मुलगा घेईल असे बजावावे. आणि हॉस्पिसच्या, म्हणजे असाध्य आजारात शेवटच्या दिवसांची शुश्रूषा करणाऱ्या सेवेच्या, लोकांना घरात पाऊल टाकू देऊ नये, कारण ते अन्नपाणी तोडतात आणि मॉर्फिन हे तीव्र वेदनाशामक देऊन माणूस संपवतात. हे टिपण मला पाच जणांनी पाठवले आणि त्यांतल्या दोघांची आई सध्या आजारी आहे, म्हणून या चर्चा-मंचावर सविस्तर लिहिते आहे.

माझी आई वाईची, आयुष्यभर प्राथमिक शाळेत शिक्षिका. बाबा गेल्यावर आम्ही तिला न्यू जर्सीला आणले. तीन वर्षांनी तिच्या स्वादुपिंडात कर्करोग निघाला आणि तोपर्यंत तो यकृतात पोहोचलेला होता. भावाने आणि मी डॉक्टरांच्या खोलीबाहेर उभ्या उभ्याच ठरवले की तिला सांगायचे नाही. डॉक्टरबाईंना आम्ही नेमके या टिपणातले वाक्य ऐकवले. त्यांनी मान डोलावली आणि आम्हाला हायसे वाटले. आईला ‘पित्ताच्या नळीत खडा अडकला आहे’ असे सांगितले आणि सहा आठवडे तेच सांगत राहिलो. आमच्या इमारतीत एक गुजराती आजी राहतात. आई रोज दुपारी त्यांच्याकडे बसायला जायची. एका संध्याकाळी त्यांनी मला जिन्यात थांबवले आणि सांगितले की तुझ्या आईला पहिल्या आठवड्यापासून सगळे ठाऊक आहे. ‘मला कळले आहे हे मुलांना कळू देऊ नका, ती घाबरतील,’ असे तिने त्यांना बजावून ठेवले होते.

आईला वाईला जाऊन धाकट्या मावशीला भेटायचे होते. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत ती विमानात बसू शकली असती. आम्ही खरे बोललो तोवर तिच्या पोटात पाणी साठले होते आणि डॉक्टरांनी प्रवासाला नकार दिला. मावशीची भेट फोनच्या पडद्यावर झाली. त्या सहा आठवड्यांचा हिशेब मी अजून कोणाला देऊ शकलेले नाही.

आता ‘संस्कृती’बद्दल. १९६१ साली शिकागोतल्या एका रुग्णालयाच्या डॉक्टरांची पाहणी प्रसिद्ध झाली, तेव्हा त्यांतल्या जवळजवळ ९० टक्के डॉक्टरांचा कल कर्करोगाचे निदान रुग्णाला न सांगण्याकडे होता. १९७९ साली असाच प्रश्न अमेरिकी डॉक्टरांना पुन्हा विचारला गेला आणि ९७ टक्के डॉक्टर सांगण्याच्या बाजूने निघाले. म्हणजे आपण ज्याला गोऱ्यांची संस्कृती म्हणतो ती अवघ्या अठरा वर्षांत उलटी झाली. आणखी एक पाहणी १९९५ सालची, लॉस एंजेलिस भागातल्या ८०० वृद्धांची. पसरलेल्या कर्करोगाचे निदान रुग्णाला सांगावे असे युरोपीय वंशाच्या ८७ टक्के वृद्धांना वाटत होते, तर कोरियन वंशाच्या ४७ टक्क्यांना. स्थलांतरितांना सांगू नये, याचा पुरावा म्हणून हा आकडा पुढे केला जातो. मला त्यात दिसते ते असे की दर दोन कोरियन आजी-आजोबांपैकी जवळजवळ एकाला सांगणेच योग्य वाटत होते. माझी आई यांतल्या कोणत्या बाजूची आहे हे तिच्या पासपोर्टवरून कोणालाही कळले नसते. ते तिलाच विचारायला हवे होते आणि आम्ही विचारले नाही.

कऱ्हाकाठ

ताई, तुमचे दुःख मी कमी लेखत नाही. परंतु एका घरातली चूक घेऊन तुम्ही सगळ्या घरांना दोषी ठरवत आहात, म्हणून दुसऱ्या घरातली हकिकतही इथे नोंदवतो.

माझे वडील सासवडजवळच्या गावातले शेतकरी. ह्यूस्टनला माझ्याकडे आले आणि वर्षभरात फुप्फुसाचा कर्करोग निघाला. त्यांना सांगू नका म्हणून मी हात जोडून विनवले होते. मी कामावर असताना एका तरुण डॉक्टराने खाटेसमोर व्हिडिओचा पडदा आणून त्यावर हिंदी दुभाषी लावला आणि ‘आपके पास लगभग छह महीने हैं’ असे त्यांना ऐकवले. वडील मराठीतसुद्धा मोजके बोलणारे. हिंदी त्यांना बाजारापुरती येत होती. मी संध्याकाळी पोहोचलो तेव्हा त्यांनी एवढेच विचारले, ‘सहा महिनं म्हंजी दिवाळीपतूर का रं?’ त्यानंतर ते भिंतीकडे तोंड करून निजले, ताटाला हात लावला नाही आणि अकराव्या दिवशी गेले. दाखल्यावर फुप्फुसाचा कर्करोग असे कारण लिहिले आहे. मी ते कारण मानत नाही.

तुमच्या पाहण्या कोरियन माणसांच्या आणि शिकागोच्या डॉक्टरांच्या आहेत. आमच्या घरात आजोबांचे दुखणे आजोबांना कोणी सांगितले नाही, आजीचे आजीला सांगितले नाही, आणि दोघेही शांतपणे गेले. घरातल्या माणसांनी ओझे आपल्या डोक्यावर घेणे याला मी फसवणूक म्हणणार नाही.

शुश्रूषा

मी इंग्लंडच्या मध्य भागातल्या एका हॉस्पिसमध्ये बावीस वर्षे परिचारिका होते आणि आता निवृत्त आहे. कऱ्हाकाठ, तुमच्या वडिलांच्या बाबतीत जे घडले ते वाईट होते आणि त्याचे समर्थन मी करणार नाही. मात्र त्यात तीन वेगवेगळ्या चुका आहेत. त्यांची गल्लत झाली तर पुढच्या माणसाला काहीच उपयोग होणार नाही.

पहिली चूक ‘सहा महिने’ या शब्दांची. अमेरिकेत मेडिकेअरमधून, म्हणजे वृद्धांसाठीच्या सरकारी आरोग्य विम्यातून, हॉस्पिस मिळायचे असेल तर आजार त्याच्या नेहमीच्या गतीने गेल्यास आयुष्य सहा महिने किंवा त्याहून कमी उरले असावे, असे डॉक्टरांनी प्रमाणित करावे लागते. तो पात्रतेचा निकष आहे. सुरुवातीला नव्वद दिवसांचे दोन टप्पे आणि पुढे साठ-साठ दिवसांचे कितीही टप्पे मिळू शकतात, कारण माणसे त्या अंदाजापेक्षा जास्त जगतात हे नियम करणाऱ्यांनाही ठाऊक होते. कागदावरचा निकष एखाद्या शेतकऱ्याला त्याच्या मरणाची तारीख म्हणून ऐकवणे हे सत्य सांगणे नव्हेच.

दुसरी चूक भाषेची आणि तिसरी वेळेची. तुमच्या वडिलांना आधी कोणी विचारले का, की ‘बाबा, आजाराबद्दल तुम्हाला स्वतःला ऐकायचे आहे, की मुलाशी बोललेले बरे वाटेल?’ आम्ही हे प्रत्येक नव्या रुग्णाला विचारत असू. न जाणून घेण्याचाही रुग्णाला अधिकार असतो. ‘माझ्या थोरल्याला सांगा, मला नको’ असे म्हणणारी कितीतरी गुजराती आणि पंजाबी माणसे मी पाहिली आणि त्यांचा शब्द आम्ही पाळला, कारण तो त्यांचा शब्द होता. उंबरठाताईंच्या आईला हा प्रश्न विचारला गेला नाही आणि तुमच्या वडिलांनाही नाही. एका ठिकाणी मुलांनी परस्पर ठरवले, दुसऱ्या ठिकाणी डॉक्टराने.

उंबरठा

शुश्रूषाताईंशी सहमत आहे. भाषेबद्दल थोडी भर घालते. अमेरिकेत २०१० च्या आरोग्य कायद्याच्या कलम १५५७ खाली रुग्णालयाने पात्र दुभाषी विनामूल्य द्यायचा असतो आणि घरच्या माणसाने भाषांतर करावे अशी अपेक्षा धरायची नसते. तरीही ‘मराठीचा दुभाषी लगेच मिळत नाही, हिंदी चालेल ना?’ हे वाक्य मी चार वेळा ऐकले आणि चारही वेळा ‘चालेल’ म्हणून बसले. तो माझा मूर्खपणा होता. शेवटच्या पंधरवड्यात आईचे इंग्रजी गेले, मग हिंदीही गेली आणि वाईकडची मराठी तेवढी उरली. ‘कालवतंय’ याचा अर्थ त्या दुभाषीबाईंना कळला नाही. त्यांनी ‘पोटात दुखते आहे’ असे सांगितले आणि आईला मळमळीचे औषध मिळायला एक दिवस उशीर झाला. मराठी दुभाषी आदल्या दिवशी मागून ठेवला तर फोनवर मिळतो, हे मला फार उशिरा कळले.

पेठकर

मी पुण्यात राहतो, वय ७८, दोन्ही मुले परदेशात. इतका वेळ नुसते वाचत होतो. आता राहवत नाही.

आपण सगळे दुभाषी आणि टप्पे यांविषयी बोलता आहात. म्हातारपणी माणसाला त्याच्या गावातून उपटून नेऊच नये, हे मात्र कोणी लिहीत नाही. ग्रीन कार्ड मिळाले तरी पाच वर्षे सलग राहिल्याशिवाय मेडिकेअर विकतसुद्धा घेता येत नाही, आणि मुलाने कितीही कर भरला असला तरी त्याच्या नोकरीची वर्षे आईच्या खात्यावर चढत नाहीत. हे मला माझ्या मुलानेच समजावले, म्हणून मी जाणार नाही असे त्याला सांगितले. वाईच्या बाईला शेवटी वाई दिसली नाही, यात डॉक्टरांचा किंवा संस्कृतीचा काय दोष? नेले कोणी?

उंबरठा

काका, आम्ही नेले. बाबा गेल्यावर ती त्या घरात एकटी होती, दोनदा पडली, आणि दुसऱ्या वेळी सकाळी दूधवाला येईपर्यंत जमिनीवर पडून होती. म्हणून नेले. मेडिकेअर तिला नव्हतेच. विकत घेतलेल्या खासगी विम्यातून हॉस्पिस मिळाले. तुमचा प्रश्न कठोर आहे आणि त्याचे याहून चांगले उत्तर माझ्याजवळ नाही.

कऱ्हाकाठ

शुश्रूषाताई, तीन चुका तुम्ही नीट वेगळ्या केल्यात हे मान्य करतो, जरी माझ्या वडिलांना त्याचा उपयोग नाही. परंतु टिपणातल्या तिसऱ्या मुद्द्याला तुम्ही दोघींनी हात लावलेला नाही. शेवटच्या तीन दिवसांत तिथल्या परिचारिकेने मला वडिलांच्या तोंडात पाणी घालू दिले नाही. मी वाटीचमचा हातात घेऊन उभा होतो. ‘त्यांच्या फुप्फुसात जाईल’ असे म्हणून तिने माझा हात धरला. आपल्याकडे शत्रूलासुद्धा मरताना पाणी नाकारत नाहीत. आणि उंबरठाताई, तुम्ही हॉस्पिस घेतलेत, म्हणजे तुमच्याही आईचे अन्नपाणी तोडलेच असणार. तुम्ही त्याला सही दिलीत आणि आता आम्हाला संस्कृती शिकवता आहात?

उंबरठा

हे वाक्य तुम्ही लिहायला नको होते.

मी आईला उपाशी ठेवले नाही. शेवटच्या आठवड्यात तीच तोंड फिरवत होती. भाऊ तरीही मऊभाताचा घास भरवत राहिला, तिने तो गालात धरून ठेवला आणि रात्री तिला ठसका लागला तेव्हा तो बाहेर आला. हॉस्पिसच्या परिचारिकेने काहीही तोडले नाही. तिने दहा मिनिटे भावाचा हात धरून सांगितले की शरीर मिटत आले की भूक आधी जाते, आणि भूक गेल्यामुळे मरण येते असे नसून मरण जवळ आल्यामुळे भूक जाते. सही मी दिली नव्हती. हॉस्पिस स्वीकारताना हे उपचार आजार बरा करण्यासाठी नाहीत हे समजल्याची सही रुग्णाची घेतात, आणि त्याला शक्य नसेल तरच प्रतिनिधीची. ती सही माझ्या आईने स्वतः मराठीत केली. तोवर आम्ही तिच्याशी खरे बोललो होतो.

शुश्रूषा

दोघांनीही थोडे थांबावे अशी विनंती करते. पाण्याचा प्रश्न इथे सर्वांत महत्त्वाचा आहे असे मला वाटते आणि त्यात एकट्या कऱ्हाकाठांची चूक नाही.

आमच्याकडे ‘लिव्हरपूल केअर पाथवे’ नावाची पद्धत होती. मरणाच्या दारातल्या रुग्णाची काळजी कशी घ्यावी याचा तो आराखडा होता आणि मुळात चांगल्या हेतूने केलेला होता. पुढे तो अनेक रुग्णालयांत खुणा करण्याचा कागद होऊन बसला. रुग्णाला पाणी दिले गेले नाही, आम्हाला देऊ दिले नाही, अशा तक्रारी घरच्यांनी केल्या. त्यावर बॅरोनेस न्यूबर्गर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि तिच्या २०१३ च्या अहवालानंतर ती पद्धत बंद केली गेली. तक्रार करणाऱ्यांत इंग्रज कुटुंबे होती. तेव्हा ‘मरणाऱ्याला पाणी’ ही फक्त आपली भावना आहे असे समजू नका.

मात्र ज्याला गिळता येत नाही त्याच्या घशात चमच्याने पाणी ओतले तर ते श्वासनलिकेत जाते आणि माणूस बुडल्यासारखा तडफडतो, हेही मी पाहिले आहे. त्या परिचारिकेने तुमचा हात धरला त्यात चूक नव्हती. तुमचा हात धरून ती तिथेच थांबली, ही तिची चूक. आमच्याकडे काडीला लावलेला मऊ स्पंज किंवा स्वच्छ कापसाचा बोळा पाण्यात भिजवून, पिळून ओठांना आणि जिभेला लावत असू. गंगाजल असेल तर त्यातच भिजवायचा. तुळशीचे पान जिभेवर ठेवायचे असेल तर अख्खे न ठेवता त्याचा छोटासा तुकडा ओठाच्या आतल्या बाजूला लावायचा. एका सोलापूरच्या आजींना जमिनीवर घ्यायचे होते. खाट जितकी खाली जाईल तितकी आम्ही घेतली आणि त्यांच्या नातवाने बागेतली मूठभर माती कागदात बांधून उशीखाली ठेवली. घरच्यांना ते पुरेसे वाटले. विचारले असते तर तुमच्या वाटीतले पाणीही तुमच्या वडिलांच्या जिभेपर्यंत पोहोचले असते.

कऱ्हाकाठ

ही गोष्ट मला कोणी सांगितली नाही. चार वर्षे झाली.

पेठकर

पाण्याचे ठीक आहे, परंतु अन्नाचे मला पटत नाही. मुंबईच्या केईएम रुग्णालयात तिथल्याच परिचारिका अरुणा शानबाग १९७३ साली झालेल्या हल्ल्यापासून अचेत पडून होत्या. तिथल्या परिचारिकांनी पिढ्यानपिढ्या त्यांना भरवले, त्यांच्या पाठीला एक जखम होऊ दिली नाही, आणि २०११ साली सर्वोच्च न्यायालयात प्रश्न गेला तेव्हा त्यांचे अन्न थांबवायला त्याच परिचारिकांनी विरोध केला. न्यायालयानेही त्यांचे म्हणणे मानले. २०१५ साली त्या न्यूमोनियाने गेल्या. ४२ वर्षे. याला मी आपली संस्कृती म्हणतो. भूक जाते, शरीर मिटते, ही भाषा मला परकी वाटते.

उंबरठा

काका, केईएमच्या त्या परिचारिकांपुढे मीही नतमस्तक आहे. परंतु आपल्या संस्कृतीत तेवढेच आहे का? विनोबांनी १९८२ साली पवनारला हृदयविकाराच्या झटक्यानंतर अन्न आणि औषध दोन्ही सोडले आणि शांतपणे देह ठेवला. सावरकरांनी १९६६ साली प्रायोपवेशन केले, म्हणजे अन्नपाणी सोडून देह ठेवला. जैनांमध्ये संथारा, म्हणजे अन्नत्यागाने देह ठेवण्याचे व्रत, आहे. राजस्थान उच्च न्यायालयाने २०१५ साली तो गुन्हा ठरवला, तेव्हा ठिकठिकाणी जैन समाज रस्त्यावर उतरला आणि त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली. देह सोडायची वेळ ओळखून घास बाजूला सारणे, हे आपल्याकडे पुण्यवंताचे लक्षण मानले गेले आहे. मग माझ्या आईने तोंड फिरवले तेव्हाच ती भाषा परकी कशी झाली?

पेठकर

विनोबा आणि सावरकर यांची नावे या ठिकाणी घेणे मला योग्य वाटत नाही. त्यांनी स्वतः ठरवले होते, पूर्ण शुद्धीत, आणि आपल्याला काय झाले आहे हे त्यांना ठाऊक होते. खाटेवरच्या म्हाताऱ्या बाईचे अन्न तिच्या मुलांनी किंवा डॉक्टरांनी बंद करणे याला प्रायोपवेशन म्हणता येणार नाही.

शुश्रूषा

काका, तुमचे हे म्हणणे मला शंभर टक्के मान्य आहे. ‘आपल्याला काय झाले आहे हे त्यांना ठाऊक होते’ हे शब्द मात्र परत एकदा वाचा. आजार लपवला तर हा निर्णय विनोबांनासुद्धा घेता आला नसता.

निळी पहाट

पाणी, गंगाजल, तुळस, प्रायोपवेशन. इतका वेळ चर्चा चालली आहे आणि ‘आपली संस्कृती’ म्हणजे काय हे सगळ्यांनी गृहीत धरले आहे. मला ते गृहीत धरता येत नाही.

माझे वडील नागपूरचे. १४ ऑक्टोबर १९५६ ला ते अकरा वर्षांचे होते आणि आजोबांच्या खांद्यावर बसून नव्हे, स्वतःच्या पायांनी चालत दीक्षाभूमीवर गेले होते, हे ते आयुष्यभर अभिमानाने सांगत. सहा वर्षांपूर्वी शिकागोजवळच्या एका रुग्णालयात त्यांचे शेवटचे दिवस होते. रुग्णालयाने ‘संस्कृतीची जाण’ ठेवायची म्हणून चॅप्लेनला, म्हणजे रुग्णालयाच्या धर्मोपदेशकाला, पाठवले. भला माणूस होता. त्याच्या हातात ‘हिंदू रुग्ण’ असे शीर्षक असलेला कागद होता आणि त्याने सोबत गणपतीची तसबीर आणि गंगाजलाची बाटली आणली होती. भारत म्हटले की हिंदू, एवढेच त्याला शिकवले होते. वडिलांना बोलता येत नव्हते. त्यांनी हाताने ती बाटली दूर सारली आणि त्याला वाटले की ते गोंधळले आहेत. बाबासाहेबांनी दीक्षेच्या वेळी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांतली तिसरी आहे, गौरी-गणपती इत्यादी देवांना देव मानणार नाही, त्यांची उपासना करणार नाही. ज्या माणसाने ती बासष्ट वर्षांहून अधिक काळ पाळली, त्याच्या उशाशी आदर म्हणून तेच ठेवले गेले. त्यांना बुद्धवंदनेतले त्रिसरण आणि पंचशील ऐकायचे होते. ते मी म्हटले, माझ्या बहिणीने म्हटले.

सर्वांत जास्त राग मला चॅप्लेनचा आला नाही. मदतीला आलेल्या आपल्याच मराठी मंडळातल्या एका गृहस्थांनी मला बाजूला घेऊन सांगितले, ‘अहो, शेवटच्या वेळी काय हरकत आहे, घालू द्या दोन थेंब.’ त्यांना मी जे उत्तर दिले ते इथे लिहिणार नाही.

पेठकर

मी त्या गृहस्थांच्या जागी असतो तर बहुधा तेच म्हणालो असतो. हे लिहिताना मला बरे वाटत नाही. आपले वडील अकराव्या वर्षी चालत गेले, त्यांनी ती बाटली दूर सारली म्हणजे ते पूर्ण शुद्धीवर होते.

शुश्रूषा

निळी पहाट, असे कागद आमच्याकडेही होते. हिंदू रुग्ण, शीख रुग्ण, मुस्लिम रुग्ण, प्रत्येकाचे एक पान. नव्या मुलींना आम्ही ते वाचायला द्यायचो, कारण मुस्लिम कुटुंबाला दफनाची घाई असते किंवा शिखाचे केस कापायचे नसतात हे ठाऊक नसण्यापेक्षा ठाऊक असलेले बरे. पण तो कागद घेऊन खाटेजवळ गेलात की समोरचा माणूस दिसेनासा होतो, हे तुमच्या वडिलांच्या उदाहरणावरून मला आज नव्याने कळले. पुढे आम्ही पहिला प्रश्न बदलला होता. ‘तुमचा धर्म कोणता?’ याऐवजी ‘आम्ही काय केलेले तुम्हाला आवडेल आणि काय केलेले मुळीच चालणार नाही?’ असे विचारत असू. प्रश्नाचा दुसरा अर्धा भाग जास्त उपयोगी पडतो.

कऱ्हाकाठ

मॉर्फिनबद्दल अजून कोणी बोललेले नाही. त्याबाबतीत मी टिपणाच्या बाजूनेच आहे. वडिलांना शेवटच्या दिवशी दोनदा मॉर्फिन दिले आणि दुसऱ्यानंतर तीन तासांत ते गेले.

शुश्रूषा

त्या तीन तासांचा त्रास मी समजू शकते. शेवटचा डोस कोणता तरी असणारच आणि तो दिल्यानंतर माणूस जातो. उरलेल्यांना तो डोसच कारण वाटतो. दम लागलेल्या फुप्फुसाच्या रुग्णाला थोड्या मात्रेत दिलेले मॉर्फिन गुदमरल्याची जाणीव कमी करते. प्रमाणात वाढवत नेलेल्या मॉर्फिनने मी कोणाला मारलेले नाही. बावीस वर्षांत हे औषध माझ्या हातांनी हजारो वेळा दिले गेले आहे.

आपल्या पिढीला या औषधाची भीती का वाटते, त्याचेही कारण आहे. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यानंतर भारतात मॉर्फिनचे परवाने इतके किचकट झाले की बहुतेक रुग्णालयांनी ते ठेवणेच सोडले. कायद्यात दुरुस्ती व्हायला २०१४ उजाडले. वांद्र्याला शांती आवेदना सदन १९८६ साली सुरू झाले, ते देशातले पहिले हॉस्पिस. म्हणजे तुमचे आजी-आजोबा ज्या काळात गेले त्या काळात गावाकडे हे औषध नव्हतेच. ‘दोघेही शांतपणे गेले’ असे तुम्ही लिहिले आहे. आपण त्या वेळी किती वर्षांचे होतात?

कऱ्हाकाठ

आजोबा गेले तेव्हा सात वर्षांचा. आम्हा मुलांना मळ्यात पाठवले होते. आजी गेली तेव्हा मी वसतिगृहात होतो.

याचा अर्थ तुम्ही काय काढणार ते मला समजले आहे. काढा.

पेठकर

मी एक विचारतो आणि थांबतो. मुलांकडे न जायचे ठरवले तरी इथे पुण्यात माझे कोण ऐकणार? सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली वैद्यकीय इच्छापत्राला, म्हणजे शेवटच्या आजारात कोणते उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवलेल्या कागदाला, मान्यता दिली आणि २०२३ साली त्याची रीत सोपी केली, म्हणजे आता दोन साक्षीदारांसमोर सही करून नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून साक्षांकन केले तरी चालते, असे वाचले आहे. मी तो कागद केलेला नाही, कारण मुलांना वाईट वाटेल असे वाटायचे.

उंबरठा

काका, गोव्यात मुंबई उच्च न्यायालयाच्या त्या वेळच्या एका न्यायमूर्तींनी २०२४ साली स्वतःचे इच्छापत्र जाहीरपणे केले. तुम्हीही करा, आणि नोटरीकडे जाण्याआधी दोन्ही मुलांना एकाच वेळी फोनवर घेऊन ते वाचून दाखवा. माझ्या आईने तसे केले असते तर आम्ही दोघे डॉक्टरांच्या खोलीबाहेर उभे राहून ठरवत बसलो नसतो. आणि हो, त्यात ‘मला सांगावे’ किंवा ‘मला सांगू नये’ यांतले जे हवे ते स्पष्ट लिहा.

पेठकर

रविवारी दोघांनाही सुटी असते. रविवारी करतो.

कऱ्हाकाठ

माझी आई माझ्याकडे आहे, ७१ वर्षांची, हृदय कमजोर झाले आहे आणि पुढच्या महिन्यात मोठी तपासणी आहे. शुश्रूषाताई, तो प्रश्न मराठीत नेमका कसा विचारायचा? ‘आजाराबद्दल तुला किती जाणून घ्यायला आवडेल’ असे मी तिला म्हणालो तर ती म्हणेल, पोराला वेड लागले.

शुश्रूषा

असे विचारू नका. तिच्या सोबत काहीतरी निवडायला बसा, मेथी, शेंगा, काहीही, आणि नजर हातांकडे ठेवा. मग म्हणा, ‘आई, डॉक्टर काही सांगतील ते तुला सांगू, की मी आणि ताई बघून घेऊ?’ उत्तर लगेच मिळाले नाही तर पुन्हा विचारू नका, ती दोन दिवसांनी आपणहून सांगेल. आणि तपासणीच्या आदल्या दिवशी मराठी दुभाषी मागून ठेवा.

कऱ्हाकाठ

काल विचारले. घेवडा मोडत होतो. बराच वेळ ती काही बोलली नाही. मग म्हणाली, ‘मला सगळं सांगत जा. पण तुझ्या बहिणीला माझ्या आधी सांगू नकोस, ती रडत बसती.’ थोड्या वेळाने म्हणाली, ‘तुझ्या वडलांना सांगितलं हुतं का?’ मी हो म्हणालो. ती म्हणाली, ‘मग मला का न्हाई सांगितलंस तवा?’ त्या वेळी ती गावाकडे होती आणि तिला धक्का बसेल म्हणून वडील जाईपर्यंत आम्ही तिला साधा न्यूमोनिया म्हणून सांगितले होते.

वडिलांना त्या डॉक्टराने जे सांगितले ते योग्य होते असे मी आजही मानत नाही. दुभाष्यासाठी रुग्णालयाला फोन केला आहे. आधी हिंदीचाच देत होते. मी नाही म्हणालो.